उसनवारीचं कपाट

केंब्रिज विद्यापीठाच्या गणित प्रयोगशाळेत ६ मे १९४९ रोजी ‘एडसॅक’ हा संगणक पहिल्यांदा चालला आणि त्याने वर्गसंख्यांचं एक कोष्टक छापून दिलं. एखाद्या चुणचुणीत मुलाने शाळेत घडाघडा म्हणून दाखवावं, इतपतच ते काम. यंत्र बांधणारे मॉरिस विल्क्स त्यावर खूश होते. पण लवकरच त्यांनी जरा अवघड गणित हाती घेतलं. त्या प्रोग्रॅममध्ये सूचना होत्या १२६ आणि चुका निघाल्या वीसेक. प्रोग्रॅमची कागदी फीत पंच करायचं यंत्र आणि संगणक यांच्यामध्ये जिना होता. त्या जिन्यावरून जाता-येता विल्क्स यांना उमगलं, की आता उरलेल्या आयुष्याचा बराचसा भाग आपल्याच प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यात जाणार. पुढे आत्मचरित्रात त्यांनी हा क्षण लिहून ठेवला आहे.

यावर तोड काढली ती त्यांच्या हाताखालच्या डेव्हिड व्हीलर या विशीतल्या विद्यार्थ्याने. सूचनांचा जो तुकडा एकदा तपासून झाला, चालवून बघितला, तो दर वेळी नव्याने कशाला लिहायचा? वेगळा काढून ठेवावा, ज्याला लागेल त्याने न्यावा. अशा तुकड्याला ‘सबरूटीन’ म्हणतात. मुख्य कामातून तिकडे उडी मारायची आणि काम उरकलं की नेमक्या जागी परतायचं, ही युक्ती व्हीलरने बसवली. संगणकशास्त्राच्या इतिहासात ती ‘व्हीलर जंप’ म्हणून नोंदलेली आहे. प्रयोगशाळेत मग एक पोलादी कपाट आलं. त्यात पंच केलेल्या कागदी फिती अक्षरवारीने लावलेल्या असत: त्रिकोणमितीच्या ‘टी’खाली, छपाईच्या ‘पी’खाली. विल्क्स, व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी १९५१मध्ये प्रोग्रॅम कसे लिहावेत यावर पुस्तक काढलं, तोवर कपाटात ८७ सबरूटीन जमा झाल्या होत्या. जगातली ही पहिली सॉफ्टवेअर लायब्ररी म्हणायला हरकत नाही.

या कपाटातून उसनं नेण्याची रीत बघण्यासारखी होती. आधी सबरूटीनचं वर्णन वाचायचं. मग मूळ फीत काढून यंत्रावर तिची नक्कल आपल्या फितीत उतरवायची आणि मूळ फीत जागच्या जागी ठेवायची. शिवाय एडसॅकची स्मृती म्हणजे पाऱ्याने भरलेल्या नळ्या, आणि सुरुवातीला त्यांत मावत जेमतेम ५१२ संख्या किंवा सूचना. उसन्या आणलेल्या प्रत्येक सूचनेने आपल्या सूचनेची जागा अडवली जाई. त्यामुळे हे खरंच हवंय का, हा प्रश्न वेगळा विचारावा लागत नसे. कपाटापर्यंत जाऊन येण्याच्या कष्टांतच तो विचारून होत असे.

व्हीलरने १९५२मध्ये सबरूटीनवर एक छोटासा निबंध वाचला. त्याने तेव्हाच सांगून ठेवलं होतं, की सबरूटीन लिहून, तपासून झाली तरी काम संपत नाही. आतलं काही ठाऊक नसलेल्या माणसालाही ती सहज वापरता यावी असं तिचं वर्णन लिहिणं, हेच कदाचित सगळ्यांत अवघड. सत्तर वर्षांनंतरही या वाक्याला कोणत्याही सॉफ्टवेअर कंपनीत निमूटपणे माना डोलतील.

अटलांटिकच्या पलीकडे हीच उसनवारी वहीतून चालायची. हार्वर्डच्या ‘मार्क वन’ यंत्रावर महायुद्धाच्या काळात काम करणाऱ्या ग्रेस हॉपर आणि त्यांचे सहकारी उपयोगी पडलेले तुकडे वहीत उतरवून ठेवत आणि गरज पडली की एकमेकांच्या वहीतून टिपून घेत. टिपताना पत्ते बदलावे लागत, म्हणजे बेरजा कराव्या लागत. प्रोग्रामरना धड बेरीज येत नाही आणि धड नक्कलही करता येत नाही, असं हॉपरबाई पुढे गमतीने सांगत. १९५२च्या सुमारास त्यांनी ‘ए-झीरो’ ही प्रणाली बनवली. कोणते तुकडे हवेत ते फक्त सांगायचं. ते शोधून, जुळवून, पत्ते बदलून एकत्र बांधण्याचं काम यंत्रच करणार. नकलेतल्या चुका गेल्या. त्यांच्याबरोबर नक्कल करताना तुकड्यावरून नजर फिरायची, तीही गेली. त्याची खंत करावी असं तेव्हा कुणाला वाटण्याचं कारणच नव्हतं.

पुढची पायरी ओळखीपाळखीची. आयबीएमचं ७०४ हे महागडं यंत्र घेणाऱ्या कंपन्यांनी १९५५मध्ये लॉस एंजेलिसला ‘शेअर’ नावाचा गट केला. त्यांत विमान बनवणाऱ्या, म्हणजे बाजारात एकमेकींच्या वैरिणी असलेल्या कंपन्याही होत्या. पण प्रत्येकीने तेच तेच प्रोग्रॅम लिहीत बसणं परवडणारं नव्हतं, म्हणून देवाणघेवाण सुरू झाली. देणारा कोण, हे घेणाऱ्याला ठाऊक असे. अडलंच तर फोन करता येई.

ऑक्टोबर १९६८. जर्मनीतलं गार्मिश हे आल्प्सच्या पायथ्याचं गाव. नाटोने भरवलेल्या परिषदेत जगभरचे जाणते एकत्र जमले होते, कारण मोठमोठे सॉफ्टवेअर प्रकल्प वेळ आणि पैसा गिळून फसत होते. तिथे बेल लॅब्जच्या डग मॅक्लरॉय यांनी एक चिमटा काढला. हार्डवेअरवाले आता कारखानदार झाले; सॉफ्टवेअरवाले मात्र अजून आपापल्या तुकड्यावर राबणारे अल्पभूधारकच. त्यांचं म्हणणं असं, की इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग जसे यादीतून निवडून मागवता येतात, तसे सॉफ्टवेअरचेही मागवता यायला हवेत. नुसत्या साइन फलाचं उदाहरण घेऊन त्यांनी हिशोब मांडला: अचूकतेचे दहा प्रकार, संख्या मांडण्याचे दोन, कोनांच्या व्याप्तीचे पाच, चुकीच्या माहितीला तोंड देण्याच्या ताकदीचे तीन. गुणाकार ३००. गिऱ्हाइकाने आपल्या मापाचा साइन उचलावा. ३००पैकी कोणता उचलावा हे ठरवण्याइतकं गिऱ्हाइकाला कळायला हवं, ही अट मॅक्लरॉय यांच्या स्वप्नात गृहीतच होती.

ते स्वप्न सगळ्यांत छान उतरलं ते गणिती सॉफ्टवेअरमध्ये. अमेरिकेतल्या आर्गॉन प्रयोगशाळेत सत्तरच्या दशकात ‘आइसपॅक’ आणि ‘लिनपॅक’ या लायब्रऱ्या तयार झाल्या. हजारो समीकरणं एकदम सोडवताना पूर्णांकनाच्या बारीकसारीक चुका साचत जाऊन उत्तराचा कसा विचका होतो, यात आयुष्य घालवलेल्या लोकांचं ते काम. ते सोडून स्वतःचं लिहायला बसणं म्हणजे हौस किंवा अडाणीपणा, तिसरं काही नव्हे. १९८५मध्ये जॅक डोंगारा आणि एरिक ग्रॉस यांनी ‘नेटलिब’ सुरू केलं. ठरावीक पत्त्यावर एका ओळीचा ईमेल पाठवायचा. थोड्या वेळाने लायब्ररी टपालात हजर. कपाटापर्यंत चालत जायचीही गरज उरली नाही. तरी काय मागायचं त्याचं नाव स्वतः लिहावं लागत होतं आणि जे येई ते नजरेखालून जात होतं.

तपासलेला, वर्षानुवर्षं नीट चाललेला कोड उचलला म्हणजे निर्धास्त झालो, या समजाला ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरूच्या आकाशात तडा गेला. युरोपच्या ‘एरियान ५’ या नव्या अग्निबाणाचं ते पहिलं उड्डाण. दिशा आणि वेग मोजणाऱ्या यंत्रणेतला प्रोग्रॅम ‘एरियान ४’मधून जसाच्या तसा आणला होता. नव्या बाणाचा आडव्या दिशेतला वेग जुन्यापेक्षा बराच जास्त. त्याच्याशी निगडित एक मोठी संख्या १६ बिटांच्या जागेत कोंबताना मावली नाही आणि यंत्रणेने मान टाकली. राखीव यंत्रणा होती. पण तिच्यातही हाच प्रोग्रॅम असल्यामुळे तीही त्याच रस्त्याने गेली. जेमतेम चाळीस सेकंदांत बाणाच्या ठिकऱ्या झाल्या. चौकशी समितीच्या अहवालातली सगळ्यांत बोचरी बाब वेगळीच आहे. जो हिशोब करताना हे घडलं, त्याची एरियान ५ला उड्डाणानंतर गरजच नव्हती. जुन्या बाणाची ती सोय होती, सामानाबरोबर आली होती. आणि हा कोड तर त्यांच्या स्वतःच्याच घरातला. परक्याचा असता तर निदान कुणी उघडून बघितला असता, असं म्हणावंसं वाटतं.

याच्या उलट टोकाची गोष्ट डी. रिचर्ड हिप यांची. २००० साली ते अमेरिकी नौदलाच्या एका विनाशिकेसाठी सॉफ्टवेअर लिहीत होते. माहिती ठेवायला एक तयार, नामांकित डेटाबेस सर्व्हर होता. तो अधूनमधून बंद पडे आणि पडद्यावर ‘डेटाबेसशी संपर्क होत नाही’ अशी पाटी झळके. पाटी हिप यांच्या प्रोग्रॅमची, म्हणून शिव्याही त्यांनाच. सर्व्हरशिवाय, थेट फाइलवर चालणारा डेटाबेस का असू नये, या विचारातून ‘एसक्यूलाइट’ जन्मला. ऑगस्ट २०००मधल्या पहिल्या आवृत्तीने माहिती साठवण्याचं काम ‘जीडीबीएम’ या तयार लायब्ररीवर सोपवलं होतं. वर्षभरात, दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी, हिप यांनी ती काढून टाकली आणि संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथ यांचे ग्रंथ समोर ठेवून साठवणीची रचना स्वतः लिहिली. डेटाबेसचं काम काय, तर माहिती सांभाळून ठेवणं. तेच दुसऱ्यावर टाकलं तर आपलं म्हणून उरतं काय?

हिप तिथे थांबले नाहीत. व्याकरण वाचणारं साधन त्यांनी स्वतःचं लिहिलं, कोडच्या आवृत्त्या सांभाळणारी ‘फॉसिल’ ही प्रणालीही स्वतःचीच. एसक्यूलाइट किमान रचनेत चालवला तर त्याला सी भाषेच्या मूळ लायब्ररीतली बोटांवर मोजण्याइतकी फंक्शनं पुरतात. त्याच्या चाचण्यांचा कोड मूळ कोडच्या शेकडो पट आहे, आणि २०५०पर्यंत तो सांभाळण्याचा शब्द त्यांनी दिलेला आहे. दुसऱ्याकडून काही घ्यायचं नाही म्हणणाऱ्या या माणसाचं सॉफ्टवेअर आज जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये आहे. इतकं उसनं क्वचितच दुसऱ्या कुणाचं नेलं जात असेल.

याच सुमारास, २००१मध्ये, प्रोग्रामर आणि लेखक जोएल स्पॉल्स्की यांनी मायक्रोसॉफ्टमधल्या एक्सेलच्या चमूची आठवण लिहिली. या मंडळींना दुसऱ्यावर विसंबायचा इतका तिटकारा की त्यांनी सीचा कंपायलरही स्वतःचा बाळगला होता. धंद्याचा जो गाभा आहे तो काही झालं तरी स्वतः करावा, असं स्पॉल्स्की यांचं मत. हा विचार आजही ठोस वाटतो. एवढंच की आपल्या धंद्याचा गाभा कोणता यावर एकाच खोलीत बसलेल्या चार जणांचं एकमत व्हायला दुपार लागते.

दरम्यान कपाट पार बदललं होतं. पर्ल भाषेचं ‘सीपॅन’ भांडार १९९५मध्ये खुलं झालं. पायथन, रुबी, जावा यांची भांडारं मागोमाग आली. २०१०मध्ये जावास्क्रिप्टसाठी ‘एनपीएम’ आलं. आता यादीत एक ओळ लिहायची. ती लायब्ररी येते, तिला लागणाऱ्या येतात, त्यांना लागणाऱ्याही येतात. जेवायला एकाला बोलवावं आणि त्याने भावकी घेऊन यावं, तसं. यजमानाला पंगतीत बसलेल्या निम्म्या लोकांची नावंही ठाऊक नसतात.

२२ मार्च २०१६ रोजी त्या पंगतीतून एक जण उठून गेला. ‘किक’ नावाच्या मेसेंजर कंपनीला एनपीएमवर आपल्याच नावाचं पॅकेज हवं होतं. ते नाव एका स्वतंत्र प्रोग्रामरने आधीच घेतलेलं. तो देईना, तेव्हा एनपीएमने ते कंपनीला देऊन टाकलं. वैतागून त्याने आपली अडीचशेहून जास्त पॅकेजं भांडारातून काढून घेतली. त्यांत एक होतं ‘लेफ्ट-पॅड’. मजकूर ठरावीक रुंदीचा व्हावा म्हणून डाव्या बाजूला मोकळ्या जागा किंवा शून्यं भरायची, म्हणजे ७चं ००७ करायचं, एवढंच त्याचं काम. कोड अकरा ओळींचा. पण ‘बेबेल’सारख्या बड्या साधनांच्या मुळाशी कुठेतरी ते होतं आणि जगभरच्या चमूंचे बिल्ड, म्हणजे सुटे तुकडे जोडून प्रोग्रॅम तयार करण्याची कामं, धडाधड पडायला लागले. सुमारे अडीच तासांनी एनपीएमने, मालकाने काढलेलं पॅकेज स्वतःच परत बसवण्याचं अभूतपूर्व पाऊल उचललं. ज्यांचे बिल्ड पडले त्यांतल्या बहुतेकांनी लेफ्ट-पॅडचं नाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

अकरा ओळी लिहिता येत नव्हत्या का, अशी त्या वेळी भरपूर टिंगल झाली. टिंगल थोडी अन्यायाचीच होती. लेफ्ट-पॅड नेणाऱ्या बहुतेकांनी ते निवडलंच नव्हतं. ते मागून आलं होतं. ‘हे खरंच हवंय का’ हा जो प्रश्न केंब्रिजच्या कपाटाशी पायांना विचारला जात असे, तो आता कुणाच्याच वाट्याला येत नव्हता.

ओळी किती यावरून निवाडा करता येत नाही, याचं उदाहरण दोन वर्षं आधीच घडून गेलं होतं. ७ एप्रिल २०१४ रोजी ‘हार्टब्लीड’ ही चूक जाहीर झाली. ती होती ‘ओपनएसएसएल’मध्ये, म्हणजे बँकांपासून दुकानांपर्यंत निम्मं इंटरनेट ज्याच्या भरवशावर पासवर्ड झाकून पाठवतं त्या लायब्ररीत. सर्व्हरच्या स्मृतीतला मजकूर बाहेरच्या माणसाला वाचता येत होता, आणि तोही दोन वर्षं. मग जगाचं लक्ष गेलं की या प्रकल्पात पूर्ण वेळ काम करणारा माणूस एक आणि वर्षाच्या देणग्या साधारण दोन हजार डॉलर. तरीही कूटलेखन स्वतःचं लिहा, असा सल्ला कुणीही शहाण्याने दिला नाही. कूटलेखन घरी लिहिणं हे घरी औषध बनवण्यासारखं. इथे उसनं आणणं बरोबरच होतं. फक्त ज्याच्याकडून आणतो तो जेवलाय की नाही हे कुणी बघितलं नव्हतं. लिनक्स फाउंडेशनने त्यानंतर मोठ्या कंपन्यांकडून पैसे गोळा करून अशा प्रकल्पांना द्यायला सुरुवात केली.

काही गोष्टी तर उसन्या आणायलाच हव्यात, आणि त्यांतली एक हा मजकूर वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आहे. फोनवर ‘राष्ट्र’ किंवा ‘तऱ्हा’ लिहिलं की अक्षरं सुटी न पडता जोडाक्षर कसं बनतं, रफार कुठे चढतो, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी कशी सरकते, हे काम क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड आणि लिब्रेऑफिसमध्ये ‘हार्फबझ’ ही एकच लायब्ररी करते. देवनागरीच नव्हे, जगातल्या बहुतेक लिप्या तिच्यात आहेत. प्रत्येक ॲपने हे स्वतः लिहायचं ठरवलं असतं तर मराठी माणूस अजून पाय मोडलेली अक्षरं वाचत बसला असता. घड्याळाचंही तसंच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानचं घड्याळ तासभर पुढे केलेलं होतं, हे बहुतेकांच्या आजोबांनाही आठवणार नाही. जगभरच्या वेळांची नोंद ठेवणारं जे सामायिक कोष्टक आहे त्याला ते आठवतं. असली बारकाव्याची माहिती कोणत्याही एका कंपनीने जमवून होत नाही.

डिसेंबर २०२१मध्ये जावाच्या ‘लॉग४जे’ लायब्ररीतलं भगदाड उघड झालं, तेव्हा ते बुजवण्याआधी बहुतेक कंपन्यांना एका वेगळ्याच प्रश्नाने घाम फोडला: आपल्याकडे ही लायब्ररी आहे का, आणि असली तर कुठे कुठे? सॉफ्टवेअरबरोबर त्यातल्या घटकांची यादी द्यावी, असं अमेरिकी सरकारच्या आदेशात त्याच वर्षी मे महिन्यात आलं होतं. वाण्याच्या पाकिटावर जे छापलेलं असतं तेच.

आणि मग मार्च २०२४. मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणारे, पोस्टग्रेस डेटाबेसचे एक विकासक आंद्रेस फ्रॉइंड आपल्या यंत्रावर वेगाची मोजमापं घेत होते. दूरच्या यंत्रात शिरण्यासाठी जे ‘ओपनएसएसएच’ वापरतात, त्याला लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागत होता. दुसऱ्या कुणी चहाचा घोट घेऊन सोडून दिलं असतं. फ्रॉइंड माग काढत गेले आणि पोचले ‘एक्सझेड’ या फाइली दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीपाशी. फिनलंडमधला एक प्रोग्रामर ती फावल्या वेळात, एकट्याने सांभाळत असे. ‘जिया तान’ या नावाने कुणीतरी दोनेक वर्षं त्याला मदत करत विश्वास कमावला, कारभार हातात घेतला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. त्या नावामागे खरोखर कोण, हे आजतागायत उघड झालेलं नाही.

ओपनएसएसएच लिहिणारे लोक सुरक्षेच्या बाबतीत अतिशय काटेकोर. त्यांचा कोड एक्सझेडला शिवतही नाही. मग चोर तिथवर पोचला कसा? डेबियन, फेडोरासारख्या लिनक्सच्या वितरकांनी ओपनएसएसएचमध्ये एक ठिगळ जोडलं होतं. सेवा सुरू झाली, की ‘सिस्टमडी’ या मुख्य व्यवस्थापकाला ‘तयार आहे’ असा निरोप जावा, एवढाच हेतू. त्या निरोपासाठी सिस्टमडीची अख्खी लायब्ररी जोडली गेली. तिला नोंदी दाबून ठेवायला एक्सझेड लागत होतं, म्हणून तेही आलं. निरोप म्हणजे तरी काय, ठरलेल्या जागी टाकायची एक ओळ: ‘रेडी=१’.

१ जुलै २०२४ रोजी ओपनएसएसएचची ९.८ ही आवृत्ती आली. तो निरोप पाठवण्याचा कोड त्यात घरीच लिहिलेला आहे. त्यासाठी सिस्टमडीची लायब्ररी लागत नाही.